पाय कुणाचा निघतो?

१९६७ च्या सुमारास अमेरिकेतल्या विमान कंपन्यांना एक कोडं पडलं होतं. जेट विमानं येऊन काही वर्षं झाली होती, तिकिटं मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली होती, तरी खिशात पुरेसा पैसा असलेली पुष्कळ माणसं विमानात पाऊल ठेवायला तयार नव्हती. असं का होतं, हे शोधायचं काम या कंपन्यांनी स्टॅन्ली प्लॉग या मानसशास्त्रज्ञाच्या संस्थेकडे सोपवलं. विमान टाळणाऱ्या माणसांच्या प्लॉगने सविस्तर मुलाखती घेतल्या. त्यांत त्याला तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या: मनात सतत कसली ना कसली धास्ती, आपल्या आयुष्याची सूत्रं आपल्या हाती नाहीत ही भावना, आणि जन्मभर आपल्याच परिसराला धरून राहण्याची सवय. यातून त्याने माणसांची एक मोजपट्टी बनवली. तिच्या एका टोकाला ओळखीची जागा, ओळखीचं जेवण आणि ठरलेला कार्यक्रम हवा असणारी माणसं. दुसऱ्या टोकाला अनोळखी मुलखाची ओढ असणारी, गैरसोय झाली तरी न कुरकुरणारी माणसं. दोन्ही टोकांना माणसं थोडीच, बहुतेकांची जागा मधे कुठेतरी. १९७४ मध्ये प्लॉगने या विषयावर लेख लिहिला आणि पर्यटनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्याची पट्टी कायमची जाऊन बसली.

प्लॉगला सापडलेलं काही खोटं नव्हतं. पण त्यातून पुढे जी समजूत रूढ झाली, ती मला पटत नाही. काही माणसं जन्मजात भटकी असतात, काही जन्मजात घरकोंबडी असतात, आणि एखादी प्रश्नावली भरली की आपण कोण ते कळतं, अशी ती समजूत आहे. उपलब्ध पुरावा नीट पाहिला तर चित्र वेगळं दिसतं. माणूस घराबाहेर पडेल की नाही हे स्वभाव फार थोडं ठरवतो. बाहेर पडल्यावर तो कसा वागेल, कशात रमेल, कशाने थकेल, हे मात्र स्वभाव बरंच ठरवतो. शिवाय स्वभाव आणि प्रवास यांचा संबंध एकाच दिशेने जात नाही. प्रवासही स्वभावाला घडवत असतो, आणि तोही मोजता येईल इतका.

आधी स्वभाव मोजतात कसा ते पाहू. आजचं मानसशास्त्र माणसांचे ठोकळेबाज प्रकार पाडत नाही. नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा, शिस्त आणि नेटकेपणा, बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती आणि चिंतातुरता अशा पाच गुणांच्या पट्ट्या ते मानतं, आणि प्रत्येक माणूस प्रत्येक पट्टीवर कुठेतरी असतो. उंचीसारखंच हे आहे. जगात ‘उंच’ आणि ‘बुटके’ असे दोनच गट नसतात. समाजमाध्यमांवर मात्र दुसऱ्याच चाचणीची चलती आहे. कार्ल युंगने १९२१ मध्ये मांडलेल्या कल्पनांवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी ती तयार केली. त्या दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. या चाचणीत माणसांचे १६ प्रकार पडतात आणि त्यावरून ‘तुमच्या प्रकाराने कुठे फिरायला जावं’ अशा याद्या बनतात. अडचण अशी की काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर पुष्कळांचा प्रकार बदलतो. पट्टीच्या मधोमध असलेल्या माणसाला जबरदस्तीने इकडे किंवा तिकडे ढकललं की हे होणारच. अशा याद्या वाचून कुणी सहल ठरवली तर फारसं बिघडत नाही. पण ‘मी अंतर्मुख आहे, प्रवास माझ्यासाठी नाही’ असं एखाद्या मुलीने किंवा मुलाने विशीतच ठरवून टाकलं, तर नुकसान होतं, आणि ते खरं असतं.

कारण अंतर्मुखतेचं आणि प्रवासाचं वैर नाही. मानसशास्त्रज्ञ शिगेहिरो ओइशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पाहण्या प्रसिद्ध केल्या. त्यांत अंतर्मुख माणसांचा कल डोंगराकडे जास्त दिसला, तर बहिर्मुख माणसांचा समुद्रकिनारा आणि मोकळ्या सपाट जागांकडे. म्हणजे दोघंही निघतात. एकाला निवांत रान हवं असतं, दुसऱ्याला गजबज. नव्याची ओढ तरी एकाच जातीची कुठे असते? मार्विन झुकरमन या मानसशास्त्रज्ञाने साठच्या दशकापासून या ओढीचा अभ्यास केला आणि तिचे वेगवेगळे पदर दाखवले. कड्यावरून दोराने उतरायची हौस असणारा माणूस आणि अनोळखी गावातल्या खानावळीत बसून तिथलं जेवण चाखायची हौस असणारा माणूस, दोघांच्या ओढी निरनिराळ्या आहेत. पहिल्याला शारीरिक थरार हवा असतो, दुसऱ्याला अनुभव. दोघांनाही आपण ‘प्रवासाची आवड आहे’ असंच म्हणतो आणि तिथेच पहिली गफलत होते.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. एकाच घरात, सारख्याच परिस्थितीत वाढलेल्या दोन भावांपैकी एकाच्या पायाला भिंगरी असते आणि दुसऱ्याला गल्लीच्या टोकापलीकडे जायचंही जिवावर येतं. मग हे जन्मजात नाही तर काय? जुळ्यांच्या अभ्यासांवरून असं दिसतं की स्वभावगुणांत माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला चाळीस ते पन्नास टक्के वाटा आनुवंशिकतेचा असतो. हे मान्य करायलाच हवं. ‘भटकंतीचं जनुक’ म्हणून गाजलेल्या गोष्टीचा मात्र एवढा बाऊ करण्याचं कारण नाही. १९९९ मध्ये चुआनशेंग चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या ३९ मानवसमूहांची तुलना केली. प्राचीन काळी ज्या समूहांनी लांबवर स्थलांतर केलं, त्यांच्यात डोपामिनशी संबंधित एका जनुकाचं विशिष्ट रूप जास्त प्रमाणात आढळलं. हा निष्कर्ष कुतूहल वाढवणारा आहे, पण तो हजारो वर्षांत चालत गेलेल्या समूहांविषयी आहे. दिवाळीच्या सुट्टीत कोण राजस्थानला जाईल, हे त्यातून कळत नाही. एकेकट्या माणसाच्या बाबतीत तर हे जनुक आणि नव्याची ओढ यांचा संबंध नंतरच्या अभ्यासांत फारच फिका निघाला.

आता दुसरी दिशा. जर्मनीतल्या यूलिया झिमरमन आणि फ्रान्झ नेयर यांनी २०१३ मध्ये एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. परदेशी शिकायला गेलेल्या आणि मायदेशीच राहिलेल्या अशा हजारावर विद्यार्थ्यांची जाण्याआधी आणि नंतर त्यांनी तुलना केली. जाणारे विद्यार्थी मुळातच थोडे जास्त बहिर्मुख होते. म्हणजे स्वभावाने निवडीत भाग घेतला होता. पण परतल्यावर त्यांचा मोकळेपणा वाढलेला होता, इतरांशी जुळवून घेणं वाढलेलं होतं आणि चिंतातुरता कमी झालेली होती. घरी राहिलेल्यांत हा बदल त्या प्रमाणात झाला नव्हता. मला या अभ्यासातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो या बदलाचं कारण शोधण्याचा. परक्या देशात नव्याने जोडलेली माणसं हे त्या बदलामागचं मोठं कारण निघालं. नुसतं ठिकाण बदलून स्वभाव बदलत नाही, अनोळखी माणसांशी संबंध यावा लागतो. आता प्लॉगच्या तीन गोष्टी पुन्हा पाहा. त्यातली तिसरी होती जन्मभर आपल्याच परिसराला धरून राहण्याची सवय. म्हणजे ज्या माणसाने आयुष्यात कमी प्रवास केला, तो पुढेही कमी प्रवास करतो. याला स्वभावाचं लक्षण म्हणायचं की आधी न मिळालेल्या अनुभवाचा परिणाम? धास्तीचंही तसंच. ज्याने स्टेशनवर एकट्याने कधी तिकीटच काढलं नाही, त्याला धास्ती वाटणारच.

मोजपट्टी कुठे तोकडी पडते, हे महाराष्ट्राइतकं स्वच्छ क्वचितच कुठे दिसेल. आषाढी वारीचंच पाहा. आळंदीहून आणि देहूहून निघणाऱ्या पालख्यांबरोबर लाखो माणसं सुमारे २५० किलोमीटर चालत पंढरपूरला जातात. वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले, दिंडीचा क्रमांक ठरलेला, रथाच्या पुढे की मागे हेही ठरलेलं. दरवर्षी तोच देव, तीच वाट आणि बहुतेक तीच माणसं. प्लॉगच्या हिशेबाने ही ओळखीला चिकटून राहणाऱ्यांची सगळी लक्षणं आहेत. पण त्याच वाटेवर पाऊस आहे, चिखल आहे, उघड्यावरची झोप आहे, आणि या गैरसोयी वारकरी आनंदाने पत्करतो. नव्याची ओढ आणि कष्टांची तयारी या दोन गोष्टी पट्टी एकाच टोकाला बांधते. वारीत त्या सुट्या होतात. माणसं इथे निघतात ती निष्ठेने, घराण्यात चालत आलेल्या नेमाने आणि सोबतीच्या सुखासाठी. कोट्यवधी भारतीयांच्या आयुष्यातला मोठ्यात मोठा प्रवास हा असाच यात्रेचा असतो, आणि ‘नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा’ मोजून त्याचा उलगडा होणार नाही.

प्लॉगने पर्यटनस्थळांचंही भाकीत केलं होतं. एखादी जागा आधी धाडसी माणसं शोधतात, मग मधली माणसं येतात, शेवटी सोयी वाढल्या की जपून वागणारे येतात. तोवर पहिले निघून गेलेले असतात आणि जागेची रया जाते. गोव्याचा किनारा पाहिला तर हे तंतोतंत खरं वाटतं. साठच्या दशकाच्या अखेरीपासून हिप्पी कळंगुट-हणजुण्याला येऊ लागले, ऐंशीच्या दशकात युरोपातून चार्टर विमानं सुरू झाली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि आज सहकुटुंब सहलींचे लोंढे येतात. पण या टप्प्यांची कारणं विचारली तर उत्तरं मिळतात विमानतळ, रेल्वेमार्ग, सरकारी धोरण आणि हॉटेलांसाठी मिळालेल्या जमिनी. स्वभावाने फार तर रांगेतला क्रम ठरवला, रस्ता केला तो दुसऱ्यांनीच. पर्यटनाचे अभ्यासक स्टीफन स्मिथ यांनी १९९० मध्ये सात देशांतल्या प्रवाशांची माहिती घेऊन प्लॉगची पट्टी तपासली, तेव्हा स्वभावाचा प्रकार आणि निवडलेलं ठिकाण यांचा अपेक्षित मेळ त्यांना आढळला नाही. प्लॉगने त्यावर हरकत घेतली, तपासणीची पद्धतच चुकीची असल्याचं म्हटलं. पण मेळ आढळला नाही याचं मला आश्चर्य वाटत नाही, कारण ठिकाणावरून स्वभाव ओळखता येतच नाही. मुंबई-पुण्याच्या मराठी सहल कंपन्या स्वित्झर्लंडच्या बर्फात पर्यटकांना वरणभात वाढतात, बरोबर मराठी बोलणारा टूर मॅनेजर असतो, सकाळी किती वाजता बस सुटणार हे आदल्या रात्री सांगितलेलं असतं. प्लॉग ज्यांना विमानात बसवू शकत नव्हता, त्याच वृत्तीची माणसं अशा सोबतीने अर्ध्या जगाला वळसा घालून येतात. वरणभाताची चेष्टा करणाऱ्यांना हे कळत नाही की त्या वरणभातामुळेच एखादी बाई पासपोर्ट काढायला तयार होते.

परिस्थिती किती जोरकस असते, हे सरकारी नोकरांच्या एलटीसी या प्रवास-सवलतीवरूनही दिसतं. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये दोनदा गावी जाण्याचं भाडं मिळतं आणि त्यातली एक खेप भारतात कुठेही करता येते. अंदमानला किंवा ईशान्य भारतात विमानाने जायला खास सूट दिली गेली आहे. अशा नियमामुळे अंदमानचं तिकीट काढणाऱ्या कुटुंबाला आपण साहसी म्हणणार का? उलट, ज्याला पगारी रजाच नाही, त्या बांधकाम मजुराच्या किंवा घरकाम करणाऱ्या बाईच्या स्वभावाविषयी त्यांच्या न केलेल्या सहलींवरून काय कळतं? काहीच नाही. प्रवासाच्या आवडीची पाहणी बहुधा ज्यांना निवडीची सोय आहे त्यांच्यातच होते, आणि निष्कर्ष मात्र ‘माणसा’विषयी काढले जातात.

मग स्वभाव अजिबात महत्त्वाचा नाही का? आहे, आणि तो कसा, हे आपल्याच वाङ्मयात दिसतं. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले ते कर्जामुळे, दक्षिणा मिळेल या आशेने. हौस हे कारण नव्हतं. पण बंडाच्या धामधुमीत सापडल्यावर त्यांनी जे डोळ्यांनी टिपलं आणि पुढे ‘माझा प्रवास’मध्ये लिहिलं, ती नजर त्यांची स्वतःची होती, त्या धामधुमीत दुसरे भिक्षुकही होतेच. पंडिता रमाबाईंची गोष्ट आणखी बोलकी आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत सगळं कुटुंब घेऊन तीर्थयात्रा करत, त्यामुळे त्यांचं बालपण वाटेवरच गेलं. आईवडील दुष्काळात गेल्यावर त्या भावाबरोबर पायी हिंडत १८७८ मध्ये कोलकात्याला पोचल्या; १८८३ मध्ये इंग्लंडला आणि १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, आणि १८८९ मध्ये तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. त्यांच्यात विलक्षण धैर्य होतं यात शंका नाही, पण वाट त्यांना लहानपणापासून परकी नव्हती. त्याच काळातल्या ज्या असंख्य मराठी मुलींचं जग माहेर ते सासर एवढंच होतं, त्यांच्यात अशा किती होत्या हे आपल्याला कधीच कळणार नाही.

आज सहल कंपन्यांच्या खास महिलांसाठीच्या सहलींत पन्नाशी-साठीच्या बायका मोठ्या संख्येने दिसतात. झुकरमनच्या संशोधनानुसार थरार आणि नवेपणाची ओढ वयाबरोबर उतरत जाते; त्या हिशेबाने या बायकांनी विशीत निघायला हवं होतं आणि आता घरी बसायला हवं होतं. पण विशीत त्यांच्या हाती पैसा नव्हता, परवानगी विचारावी लागत होती, घरात लहान मुलं आणि आजारी सासूसासरे होते. आता मुलं मार्गी लागली आहेत, पेन्शन किंवा साठवलेली रक्कम आहे, आणि रात्री हॉटेलात सोबतीला आपल्यासारखीच दुसरी कुणीतरी आहे. तेव्हा त्या निघाल्या.