एक दिवस, दोन भाचे आणि लिटलचा नियम

हॉस्टेलमध्ये सकाळी साडेसातला बादली घेऊन बाथरूमच्या ओळीत उभं राहिलेल्या प्रत्येकाला मी आज जे सांगणार आहे ते अर्धं माहीतच आहे. उरलेलं अर्धं मला माहीत नव्हतं. त्यापायी माझा भाचा कल्याणपासून मनमाडपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

झालं असं. गेल्याच्या गेल्या दिवाळीत सोयाबीनचे पैसे हाती आले आणि भाऊजींनी जाहीर केलं, की यंदा पोरांना इमॅजिका दाखवायचंच. थोरला अकरा वर्षांचा, धाकटी पाच. आपल्या वाशीमकडच्या पोरांची सहल म्हणजे शेगाव. माझ्या लहानपणी आनंद सागरच्या छोट्या आगगाडीत बसलो, की वर्षभर सांगायला पुरायचं. आमच्या वडिलांच्या पिढीने थीम पार्क पाहिलं ते टीव्हीवरच्या जाहिरातीत. गोराईचं एस्सेलवर्ल्ड, 1989 साली सुरू झालेलं. खोपोलीजवळचं इमॅजिका 2013 चं. तिथे नायट्रो नावाचा मोठा रोलर कोस्टर आहे, मिस्टर इंडिया सिनेमावरची राइड आहे, आणि नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या राजासोरस या डायनासोरच्या नावाची पाण्यातली राइड आहे. थोरल्याला ही सगळी यादी पाठ होती.

जायचं कसं, केव्हा, किती वेळ थांबायचं, हे सगळं माझ्याकडे आलं. ताई म्हणाली, "तू त इंजिनेर होऊन रायला, तूच पाय सारं." मग काय, मी ग्राफ पेपर काढला! एसटीने वाशीम ते अकोला, अकोल्याहून रात्रीच्या गाडीने पहाटे कल्याण, तिथून कर्जत, कर्जतहून खोपोली लोकल, मग रिक्षा. साडेदहाला गेटच्या आत. संध्याकाळी पाचला बाहेर, कारण कल्याणहून परतीची रात्रीची गाडी. मुक्कामाचा खर्च शून्य. मधले साडेसहा तास, म्हणजे 390 मिनिटं. त्यातून जेवणाचा एक तास आणि पाणी-बाथरूमची पाऊण तास वजा केली. उरली 285. एका राइडला रांग दहा मिनिटं, बसून उतरायला पाच, पुढच्या राइडपर्यंत चालायला पाच, एकूण वीस. 285 भागिले 20, म्हणजे चौदा राइड्स! रंगीत पेनने बार चार्ट केला, भाऊजींना दाखवला. भाऊजी खूश. तिकीट वसूल.

प्रत्यक्षात झाल्या पाच.

चूक कुठे झाली हे परत आल्यावर ओआरची वही उघडली तेव्हा दिसलं. ज्या चॅप्टरवर मी वायवात फाडफाड बोललो होतो, त्याच चॅप्टरमध्ये! रांगेचा अभ्यास सुरू झाला टेलिफोनपासून. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एरलांग नावाच्या माणसाने 1909 साली एक्स्चेंजवर येणाऱ्या कॉल्सच्या गर्दीवर पहिला निबंध लिहिला. आणि 1961 साली अमेरिकेतल्या जॉन लिटल यांनी एका साध्या सूत्राची सिद्धता दिली. रांगेतली माणसं बरोबर दर मिनिटाला पुढे सरकणारी माणसं गुणिले थांबण्याची मिनिटं. बस्स. लोक कसे येतात, एकेकटे की झुंडीने, याच्याशी या सूत्राला देणंघेणं नाही. सरासरी टिकून असली की पुरे.

मेसचं उदाहरण घ्या. तुमच्या पुढे 30 जण आहेत, आणि पोळ्या वाढणाऱ्या मावशी मिनिटाला तीन ताटं काढतात. दहा मिनिटं लागणार. हे कळायला सूत्र लागत नाही, पण आपण मोजत कुठे बसतो? आपण ओळीची लांबी पाहतो आणि "जास्त नाही रे" म्हणून उभे राहतो. पार्कात तर लांबीही खरी दिसत नाही. रेलिंग नागमोडी घातलेलं असतं, अर्धी ओळ भिंतीआड असते.

आमच्या शेवटच्या राइडचं गणित मी नंतर मांडलं. थोरल्याला सगळ्यात जास्त हवी असलेली राइड मी शेवटी ठेवली होती (कारण चार्टमध्ये ती चौदावी होती!). चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही ओळीत लागलो. पुढे अंदाजे 240 डोकी. एका फेरीत 20 जण, चार मिनिटाला एक फेरी, म्हणजे मिनिटाला पाच जण आणि 48 मिनिटांत आपला नंबर. असं त्या वेळी मोजलं असतं तरी चुकलंच असतं. जास्त पैशाच्या एक्स्प्रेस तिकिटवाल्यांना वेगळ्या दाराने आत घेतात, त्यांच्या जागा त्या वीसांतूनच जातात. शिवाय चारच्या बाकावर तिघांचं कुटुंब बसलं, की एक जागा रिकामी निघते. आमच्या ओळीतून फेरीला सोळाच जात होते. मिनिटाला चार. 240 भागिले 4, म्हणजे पुरा एक तास. पाच वाजता रिक्षावाल्याचा फोन आला तेव्हा पुढे फक्त चाळीस डोकी होती, दहा मिनिटांचं काम. पण गाडी चुकली असती. मी थोरल्याचा हात धरून त्याला रेलिंगखालून बाहेर काढलं. तो रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं. मनमाडला तो एवढंच म्हणाला, "मामा, तुला आंधीच माहीत होतं का?"

नाही रे बाबा. माहीत करून घेता आलं असतं, एवढंच.

म्हणून रांगेत उभं राहिल्यावर काय करायचं ते सांगतो. सगळी डोकी मोजायची गरज नाही. आपल्या बरेच पुढे असलेला एखादा लाल टोपीवाला हेरा. तो ज्या खांबापाशी आहे, तिथे आपण किती मिनिटांत पोचतो ते मोबाईलवर बघा. खांबापासून राइडच्या दारापर्यंत तसे आणखी किती टप्पे आहेत, तेवढ्याने गुणा. एक्स्प्रेसवाले, रिकाम्या जागा, सगळं त्यात आपोआप धरलं जातं. पाच-सात मिनिटांत कळतं, थांबायचं की निघायचं. आणि निघायचंच असेल तर तेव्हाच निघायचं, पन्नास मिनिटं उभं राहून नाही.

दुसरी गोष्ट, दिवस कोणता निवडायचा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि याच्याकडे लोक सगळ्यात कमी बघतात. ओआरमधला एका खिडकीचा सोपा नमुना आठवा. खिडकी 80 टक्के वेळ कामात असेल तर तिथे सरासरी 4 माणसं असतात. 90 टक्के झाली की 9. 95 टक्के झाली की 19! म्हणजे गर्दी थोडीशीच वाढते आणि रांग दुप्पट, चौपट होते. पार्क काही एका खिडकीचं नसतं, पण चाल तीच. आणि दिवाळीच्या सुट्टीत दुपारी तर येणारे लोक राइडच्या क्षमतेपेक्षाच जास्त असतात. मग रांग नुसती साठत जाते, अगदी एवढी, की लांबूनच बघून लोक परत फिरतात. ती उतरायला संध्याकाळ व्हावी लागते. सकाळी पहिल्या तासात मात्र साठलेलं काहीच नसतं. म्हणून सगळ्यात हवी असलेली राइड आधी, फोटो नंतर. जेवण साडेअकराला, सगळ्यांसोबत दीडला नाही. डिस्नेवाल्यांनी 1999 मध्ये फास्टपास काढला होता, वेळ लिहिलेली चिठ्ठी घ्या आणि तेव्हा या. रांग त्यानेही नाहीशी झाली नाही, माणूस फक्त दुसरीकडे जाऊन उभा राहिला. 2021 मध्ये तो बंद करून त्यांनी पैसे घेऊन पुढे सोडायची पद्धत आणली.

तिसरी गोष्ट वहीत नव्हती, ती धाकटीने शिकवली. सेंटिमीटरची पट्टी! बऱ्याच राइडच्या दाराशी उंची मोजतात. दोन राइडला आम्ही पाऊण-पाऊण तास ओळीत उभे राहिलो, आणि दाराशी ती कमी भरली. टाचा उंच करून उभी राहिली होती बिचारी. ही उंची घरीच दाराच्या चौकटीवर खूण करून बघता येते. पार्काची यादी आधी काढायची आणि तिला न झेपणाऱ्या राइड्स तिच्यासमोर बोलायच्याच नाहीत. मोठ्यांपैकी एकाने तिच्यासोबत दुसरीकडे जायचं. मग चौघांचा वेळ एकच राहत नाही, दोन-दोनचे दोन चार्ट होतात. हे मी केलंच नव्हतं. माझ्या ग्राफ पेपरवर चौघं म्हणजे एकच रेघ होती.

आणि पाच वर्षांच्या पोरीची ताकद मिनिटांत मोजता येत नाही. रात्रभर गाडीत अर्धवट झोप, वरून ऊन. दीड वाजता ती संपली होती. त्यानंतरचे साडेतीन तास आम्ही तिकिटाचे पैसे डोळ्यांसमोर ठेवून तिला ओढत होतो. डेव्हिड मेस्टर नावाच्या प्राध्यापकांचा 1985 चा एक लेख आहे, रांगेच्या मानसशास्त्रावर. त्यात म्हटलंय, की किती थांबायचं हे माहीत नसलं की थांबणं जास्त लांब वाटतं. ती दर दोन मिनिटांनी विचारायची, "मामा, आपला लंबर कवा येते?" आणि मी म्हणायचो, "आता येते." दिवसभरात हे उत्तर मी किती वेळा दिलं असेल!

या जानेवारीत आम्ही परत गेलो. भाऊजी आधी तयार नव्हते. एवढे पैसे दुसऱ्यांदा कशाला, हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मी माझ्या प्रोजेक्टसाठी ठेवलेल्या पैशातून दोन तिकिटं काढली, तेव्हा ते हसले. मंगळवार धरला, शाळेला दोन दिवस दांडी. आदल्या संध्याकाळीच खोपोलीला पोचून मुक्काम केला. (समृद्धी महामार्ग आपल्या कारंजा-मालेगाव पट्ट्यातून जातो आणि जून 2025 पासून आमणेपर्यंत पूर्ण सुरू झालाय, तेव्हा चार-पाच जण मिळून गाडी करणाऱ्यांना तोही रस्ता आहे. आम्ही आपले रेल्वेनेच.) चार्टमध्ये फक्त सहा राइड्स, आणि साडेतीनला बाहेर.

भाऊजी म्हणाले, "पार्क त अजून चालू हाय ना?" मी म्हटलं, पार्क चालू राहील, पोरगी नाही राहणार. सहाच्या सहा झाल्या. उरलेल्या वेळात धाकटी घोड्यांच्या गोल पाळण्यात लागोपाठ चार वेळा बसली, कारण तिथे ओळच नव्हती. हे माझ्या कुठल्याच चार्टमध्ये बसलं नसतं. साडेतीनला ती भाऊजींच्या खांद्यावर झोपली होती.

थोरल्याची ती राइड आम्ही सकाळी पहिलीच घेतली. ओळीत लागल्याबरोबर त्याने माझा मोबाईल मागून घेतला, पुढच्या एका निळ्या शर्टवाल्याला हेरलं आणि खांबावर डोळा ठेवून उभा राहिला. थोड्या वेळाने बोटांवर हिशेब करून म्हणाला, "मामा, चौदा मिनिटं."

सोळा लागली.