टॉवरवरची ठिपक्यांची रांगोळी

महाड-पोलादपूर पट्ट्यात मोबाईल टॉवरवर ढोलासारख्या गोल डिश दिसतात. या टॉवरना एकमेकांशी जोडणाऱ्या मायक्रोवेव्ह लिंकच्या. दोन डिशमध्ये डोंगर आला की खेळ संपला!

खरी गंमत सिग्नलच्या आत. २५६-क्यूएएम पद्धतीत लहरीच्या प्रत्येक ठोक्यात ८ बिट बसतात. सॉफ्टवेअर रेडिओने डिमॉड्युलेट केल्यावर पडद्यावर १६ बाय १६ ठिपक्यांची रांगोळी उमटते. फ्रिक्वेन्सी जुळेपर्यंत मात्र ती गरगरत राहते. (दुसऱ्याचा डेटा उघडणं बेकायदा, प्रयोग आपल्याच सिग्नलवर.)

आरटीएल डोंगलसारख्या स्वस्त सॉफ्टवेअर रेडिओला जेमतेम २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा झेपतो, लिंकचा चॅनेल बहुधा २८ चा. फुलपात्रात सावित्री नदी कशी मावणार?

आषाढात १० गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरी पाऊस गिळतो. तेव्हा अनेक लिंक आपणहून क्यूपीएसके या साध्या पद्धतीवर उतरतात. रांगोळीत उरतात चारच ठिपके.