वाटा लावणारा क्लब

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास मंडईत शिरलं की 'ओ साहेब, बाजू!' अशी हाक येते आणि बाजूला व्हायच्या आत धक्का लागलेला असतो. मध्यंतरी असाच धक्का लागला. वळून पाहिलं तर खांद्यावर टोमॅटोचा क्रेट घेतलेला विशीतला मुलगा, अंगात नारिंगी जर्सी. रंग उडून भोपळ्याच्या गरासारखा झालेला, पाठीवरचा नंबर सोलवटून निघालेला, पण छातीवरचा बिल्ला अजून ओळखू येत होता. एफसी पुणे सिटी. हा क्लब 2019 मध्ये बंद पडला. मी त्या मुलाच्या मागून चार पावलं गेलो, तेवढ्यात तो गर्दीत दिसेनासा झाला.

पुण्यात फुटबॉलचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं. 'पुण्याने काही जिंकलं नाही हो.' बोलणारा हे अशा सुरात बोलतो, जणू जिंकणं हा साधा हिशेब होता आणि कुणीतरी तो चुकवला. मला वाटतं, गडबड त्या अपेक्षेतच होती. आणि अपेक्षा कशी बांधायची हे कळायला मंडईइतकी चांगली जागा नाही.

1886 साली 'रे मार्केट' म्हणून उघडलेली ही अष्टकोनी दगडी इमारत. आत उंच ओट्यांवर गाळेवाले बसतात. समोर भाज्यांचे डोंगर, हाताशी काटा, मागे पोत्यांची थप्पी. बाहेर, इमारतीच्या सावलीत, गोणपाट अंथरून एखादी मावशी बसते. तिच्याकडे काटा नसतो. ती वाटे लावते : चार लिंबं, सहा मिरच्या, आल्याचा एक तुकडा, वर कढीपत्त्याची काडी. दहा रुपये. ती गाळेवाल्याशी भावात भांडत नाही, फ्लॉवरचा ढीग लावत नाही. गाळेवाला ज्या गोष्टीत वेळ घालवत नाही, नेमकी तीच ती विकते. आणि तिला कुणी विचारत नाही, की मावशी, तुम्ही त्याला मागे कधी टाकणार?

फुटबॉलमध्ये मात्र हा प्रश्न दर आठवड्याला विचारतात.

पैसा किती बोलतो, याचा हिशेब लोकांनी मांडून ठेवला आहे. पत्रकार सायमन कुपर आणि अर्थतज्ज्ञ स्टीफन शिमान्स्की यांच्या 'सॉकरनॉमिक्स' या पुस्तकात 1978 ते 1997 या काळातल्या 40 इंग्लिश क्लबांचा ताळेबंद तपासला आहे. कोणता क्लब सरासरी कितव्या क्रमांकावर राहणार, यातला सुमारे 92 टक्के फरक केवळ पगाराच्या खर्चावरून समजावता येतो, असं त्यांना आढळलं. गंमत म्हणजे खेळाडू विकत घेण्यावर उधळलेल्या पैशाचा संबंध फक्त 16 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मोठी बोली लावून नाव आणण्याला फार अर्थ नाही; चांगल्या खेळाडूंना वर्षानुवर्षं चांगला पगार देणं मोलाचं. जो जास्त पगार देतो तो वर राहतो. कंटाळवाणं आहे, पण असंच आहे.

पण हे लांबच्या पल्ल्याचं गणित झालं. एका संध्याकाळचं गणित निराळं असतं. फुटबॉलच्या सामन्यात साधारण दोन-तीन गोल होतात. क्रिकेटमध्ये तीनशे चेंडूंत नशीब वाटलं जातं, इथे एका चुकलेल्या पासवर निकाल फिरतो. म्हणून गरीब संघाला एका सामन्यात श्रीमंत संघाला गाठता येतं, अठरा सामन्यांत ते अवघड होतं, दहा हंगामांत जवळजवळ अशक्य. बाद फेरीची स्पर्धा आली की आशा धरावी, लीगचा तक्ता आला की पाय जमिनीवर ठेवावेत. पाठीराखे नेमकं उलट करतात : बाद फेरीत घाबरतात आणि लीगच्या पहिल्या विजयानंतर चषकाच्या गप्पा मारतात.

आता पुण्याचा तक्ता पाहू. इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, 2014 मध्ये सुरू झाली. वाधवान समूह आणि हृतिक रोशन यांच्या मालकीचा एफसी पुणे सिटी बालेवाडीत खेळायचा. दुसऱ्याच सामन्यात मुंबई सिटीने त्यांना 5-0 ने झोपवलं. आंद्रे मोरित्झने त्या दिवशी या लीगमधली पहिली हॅटट्रिक मारली. त्या वर्षी आठ संघांत पुणे सहावं. पुढे सातवं, पुन्हा सहावं. 2017-18 मध्ये दहा संघांत चौथं. 2018-19 मध्ये सातवं. पाच हंगामांची ही रांग एका ओळीत वाचली तर हा मधल्या फळीचा क्लब होता, एका वर्षी बरा खेळला, एवढंच दिसतं. अपयश म्हणावं असं यात काही नाही.

पण अपेक्षा भलतीच चढवून ठेवली होती, आणि चढवणाऱ्यांत क्लब स्वतः पुढे होता. पहिल्या वर्षी डेव्हिड त्रेझेगे आणला. 1998 चा विश्वविजेता, पण तेव्हा सदतिशीत. दुसऱ्या वर्षी अ‍ॅड्रियन मुटू, वय छत्तीस. ऑक्टोबरात हापूसची पेटी आणून गाळ्यावर मांडावी तसा हा प्रकार. लोक बघायला जमतात, फोटो काढतात, आणि मटार घ्यायला शेजारच्या गाळ्यावर जातात.

प्रशिक्षकांचंही तेच. फ्रँको कोलोंबा, डेव्हिड प्लॅट, अँटोनियो हबास, रांको पोपोविच, मिगेल आंखेल पोर्तुगाल, फिल ब्राऊन. पाच हंगामांत ही माळ. यातल्या हबास यांच्याकडे नीट बघण्यासारखं आहे. 2014 मध्ये त्यांनी अ‍ॅटलेटिको डी कोलकात्याला विजेतं केलं. 2016 मध्ये तेच गृहस्थ पुण्यात आले, संघ सहावा. 2019-20 मध्ये ते परत कोलकात्यात गेले, तोच क्लब, आता नुसता एटीके, पुन्हा विजेता. माणूस तोच, वही तीच, शिट्टीही बहुधा तीच. खालचा ओटा बदलला. प्रशिक्षकाच्या नावावर आपण किती यश आणि किती अपयश खपवतो, ते या एका उदाहरणात दिसतं.

पुण्याची खरी दौड 2018 सालची. लीगमध्ये 30 गुण, चौथा क्रमांक, उपांत्य फेरी. समोर बंगळुरू एफसी, जे 40 गुणांनी अव्वल होते. 7 मार्चला बालेवाडीत 0-0. त्या रात्री नारिंगी कपड्यांतली 'ऑरेंज आर्मी' ढोल बडवत होती आणि शेवटची शिट्टी झाल्यावर लोक असे बाहेर पडत होते, जणू जिंकूनच आले. मला तो आनंद अगदी योग्य वाटला. दहा गुणांचा फरक असलेल्या संघाला घरच्या मैदानात गोल करू दिला नाही, याहून वास्तववादी विजय कोणता? चार दिवसांनी बंगळुरूत सुनील छेत्रीने तीन गोल मारले, 3-1, विषय संपला. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर लगेच 'हरले साले' सुरू. बंगळुरू वर्षभर वरचढ होते, ते दोन सामन्यांतही वरचढ ठरले, यात हरण्यासारखं काय होतं?

'मग लेस्टर?' असं कुणीतरी म्हणतंच. 2016 मध्ये 5000 ला 1 अशा भावातून लेस्टर सिटी इंग्लंडची लीग जिंकला, खरं आहे. 2023 मध्ये तोच क्लब खालच्या श्रेणीत उतरला, हेही खरं आहे. पण आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही. ऐजॉल पुरे.

ऐजॉल एफसी, मिझोरामचा. 2015-16 मध्ये आय-लीगमधून, म्हणजे देशातल्या दुसऱ्या मोठ्या लीगमधून, खाली गेलेला, गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यावर परत आत आलेला. 2016-17 मध्ये त्यांनी खालिद जमील यांना प्रशिक्षक म्हणून घेतलं. हे जमील त्याआधी सात वर्षं मुंबई एफसी सांभाळत होते. हा कूपरेजवर खेळणारा, बेताच्या पैशाचा क्लब, आणि दरवर्षी तळातून निसटून राहणं हीच त्याची ख्याती. कंटाळवाणा खेळतात, अशी तक्रार असायची. 2016 मध्ये मुंबई एफसी आणि जमील यांची फारकत झाली. त्याच हंगामात ऐजॉल 37 गुणांनी विजेता झाला, मोहन बागान 36 वर अडकलं. आणि मुंबई एफसी? त्याच हंगामात तळाला जाऊन उतरला आणि बंदच झाला. 'दरवर्षी फक्त टिकून राहतो' ही ज्या गोष्टीची तक्रार होती, तीच त्या क्लबची सगळ्यात मोठी कमाई होती. हातातून गेल्यावर कळली.

ऐजॉलच्या पुढच्या वर्षाबद्दल कुणी बोलत नाही. जमील ईस्ट बंगालला गेले, महत्त्वाचे खेळाडूही तिकडे. ऐजॉल पाचवा. गाळेवाल्याने वाट्यावरचा चांगला माल उचलून नेला, दुसरं काय.

तर छोट्या क्लबकडून नेमकं मागायचं काय? माझ्या मते, ज्यात श्रीमंतांना धीर नसतो ते. यात पुणं खरं तर मागे नव्हतं. आय-लीगमध्ये खेळणारा अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी 2007 मध्ये निघाला, 2012-13 मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसरा आला, 2014 मध्ये ड्युरँड चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. पण त्याची मोठी ठेव म्हणजे अकादमी. मलप्पुरमचा आशिक कुरुनियन तिथे वाढला, पुढे एफसी पुणे सिटीतून जानेवारी 2019 च्या आशियाई चषकात भारताकडून उतरला, थायलंडला 4-1 हरवणाऱ्या संघात. पुण्याच्याच डीएसके शिवाजियन्स क्लबच्या लिव्हरपूलशी जोडलेल्या अकादमीत लालियनझुआला छांगते होता. तोच छांगते नंतर मुंबई सिटीसाठी गोल मारत राहिला. त्या मुंबई सिटीसाठी, जिचा 65 टक्के हिस्सा 2019 मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने घेतला होता. पोरं इथे तयार झाली, चषक तिकडे गेले. पुणेकराला यात टोचायला हवं की छाती फुगवायला हवी? मी छाती फुगवणाऱ्यांतला.

टोचावं असं वेगळंच आहे. पुण्याचे क्लब हरले म्हणून संपले नाहीत. पुणे एफसी 2015 मध्ये बंद. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये दोन हंगाम, 2017 मध्ये बंद, आणि पुढच्याच वर्षी मालक डी. एस. कुलकर्णींना अटक. एफसी पुणे सिटीच्या मालकांची गृहकर्ज कंपनी डीएचएफएल 2019 च्या जूनमध्ये देणी थकवू लागली आणि ऑगस्टमध्ये क्लबही गेला. त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. तो 2021-22 मध्ये विजेता झाला, पुढे पगार थकवू लागला, 2023-24 मध्ये तळाला गेला, आणि आता तोही हैदराबादेत नाही, दिल्लीला गेला. आयएसएलमध्ये खेळाडूंच्या मानधनावर मर्यादा असते, एका टप्प्यावर ती 16.5 कोटी रुपये होती. त्यामुळे मैदानातली दरी थोडी बुजते. पण दरवर्षी कोट्यवधींचं फ्रँचाइझी शुल्क भरायची आणि त्यावर तोटा सोसत राहायची ताकद लागायची, तिला कसली मर्यादा होती? तिथे श्रीमंती-गरिबीचा खरा सामना होतो, आणि तो टीव्हीवर दिसत नाही.

आमच्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत क्लबच्या बचावफळीवर रकानेच्या रकाने छापून यायचे. मालकाच्या ताळेबंदावर एक ओळही नाही. मी स्वतःही लिहिली नाही.

दक्षिणेकडे अडीचशे किलोमीटरवर कोल्हापूर आहे. तिथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल यांचे सामने शाहू स्टेडियमवर होतात आणि पेठा ओस पडतात. तिथे एकच शेठ नसतो, अख्खी पेठ असते. एक दाता हटला तर दुसरा उभा राहतो. मंडईला हे नवं नाही. अखिल मंडई मंडळाचा शारदा गजानन 1894 पासून इथे बसतो, गाळ्यागाळ्यावरून वर्गणी गोळा होते, आणि कुठला गाळेवाला बुडाला म्हणून गणपती बसायचा राहत नाही. जर्मनीत क्लबच्या मतांत सभासदांचा वाटा निम्म्याहून अधिक हवा, असा नियम आहे. आपण त्याला परदेशी कल्पना समजून भाषणं देतो.

मुलगा मला परत भेटला, बाराच्या सुमारास, गाळ्याच्या पायरीवर चहा पीत बसलेला. जर्सीबद्दल विचारलं. मामाची, म्हणाला. मामा बालेवाडीला मॅचेसला जायचा.

'मामा सांगतो, लय भारी टीम होती,' तो म्हणाला. 'कितवी यायची ओ?'

'सहावी. सातवी. एकदा चौथी.'

त्याने कप खाली ठेवला, थोडा विचार केला. 'वाईट नाय,' म्हणाला, आणि क्रेट उचलायला उठला.