सोडतीत नाव कुणाचं?

20 मार्च 1954, शनिवारची रात्र. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या बटलर विद्यापीठाचं प्रचंड फील्डहाउस माणसांनी गच्च भरलेलं. शालेय बास्केटबॉलचा राज्य अंतिम सामना. एका बाजूला मन्सी सेंट्रल, तोवर चार वेळा राज्य जिंकलेली आणि दीड हजारांहून जास्त पट असलेली शाळा. दुसऱ्या बाजूला मायलन नावाच्या खेड्यातली शाळा. तिचा पट 161.

चौथ्या डावात मायलन पिछाडीवर होतं. तरीही बॉबी प्लम्प या त्यांच्या खेळाडूने चेंडू हातात धरला आणि तो तसाच उभा राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं, चार मिनिटं तेरा सेकंद! त्या काळी किती वेळात चेंडू फेकायचा याचं बंधन नव्हतं. दमलेल्या मुलांना श्वास घेऊ द्यावा आणि सामना शेवटपर्यंत चुरशीत ठेवावा, हा मार्विन वूड या अवघ्या 26 वर्षांच्या प्रशिक्षकाचा डाव. मग 30-30 अशी बरोबरी झाली. शेवटची अठरा सेकंदं उरली. सोबत्यांनी बाजूला सरून प्लम्पला जागा करून दिली, त्याने समोरच्या एकट्या बचावपटूला हुलकावणी दिली, उडी मारली आणि चेंडू जाळ्यातून खाली आला. 32-30.

या सामन्यावरून स्फूर्ती घेऊन 1986 मध्ये ‘हूजियर्स’ हा चित्रपट निघाला. पण मला या गोष्टीत त्या फेकीइतकाच तिच्यामागचा नियम महत्त्वाचा वाटतो. 161 मुलांची शाळा आणि दीड हजार मुलांची शाळा एकाच सोडतीत कशा आल्या? त्यांना एकत्र आणायचं की वेगळं ठेवायचं, हे ठरवतं कोण? आणि मुळात सोडतीत नाव कुणाचं घालायचं?

शाळांनी शाळांसाठी काढलेली संघटना

अमेरिकेत शालेय खेळांचं केंद्रीय मंत्रालय नाही. प्रत्येक राज्यात शाळांची एक संघटना असते आणि तिचा शब्द तिथे शेवटचा. 1920 मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय महासंघ खेळांच्या नियमपुस्तिका तयार करतो, पण कुठला मुलगा खेळायला पात्र आणि कुठली शाळा कुणाशी भिडणार, हे राज्याची संघटनाच बघते. इंडियानात ही संघटना 1903 मध्ये उभी राहिली. ती सरकारी खातं नाही. शाळा स्वतःहून सभासद होतात, मुख्याध्यापक आणि क्रीडाप्रमुख मंडळावर निवडून जातात, आणि तेच नियम करतात.

अशी संघटना लागली कशाला? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुलं आपापले संघ स्वतःच जमवायची आणि शाळेशी संबंध नसलेले थोराड गडी त्यात सर्रास घुसायचे. वय किती, हजेरी आहे का, पास झाला का, हे बघणारं कुणी नव्हतं. म्हणून या संघटनांची नियमपुस्तकं आजही मैदानाबद्दल कमी आणि हजेरीपटाबद्दल जास्त बोलतात. विसाव्या वर्षाची वेस ओलांडलेल्याला खेळता येत नाही. नववीत पाऊल ठेवल्यापासून आठ सत्रं मिळतात, नापास होऊन ती वाढवता येत नाहीत. ठरावीक विषयांत उत्तीर्ण असावं लागतं, डॉक्टरांचा दाखला लागतो. केवळ खेळासाठी शाळा बदलली, असा संशय आला तर मुलाला बाकावर बसावं लागतं. पालक कोर्टात जातात ते बहुतेक याच कलमावरून.

अशी खाजगी संघटना सरकारी शाळांच्या मुलांवर अधिकार गाजवते, मग तिला राज्यघटना लागू आहे की नाही? टेनेसी राज्यातल्या एका खटल्यात 2001 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की लागू आहे. संघटना सरकारी शाळांशी इतकी गुंफलेली आहे, की तिचं वागणं हे शासनाचंच वागणं धरलं जाईल. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो, कारण या संघटनांनी बंद ठेवलेल्या दारांचा इतिहास मोठा आहे.

दाराबाहेरच्या शाळा

इंडियानाची राज्य स्पर्धा 1911 मध्ये सुरू झाली. सगळ्या शाळा एकत्र, ही तिची शान होती. आधी सेक्शनल, मग रीजनल, मग सेमीस्टेट, मग राज्य. हंगामात एकही सामना न जिंकलेल्या संघालाही प्रवेश. 1913 आणि 1914 मध्ये विंगेट या चिमुकल्या गावाने लागोपाठ दोनदा राज्य जिंकलं, आणि त्या शाळेकडे स्वतःचं व्यायामगृहसुद्धा नव्हतं. मुलं सरावाला शेजारच्या गावी जायची.

पण ‘सगळ्या’ या शब्दात सगळे नव्हते. 1927 मध्ये इंडियानापोलिस शहरात केवळ कृष्णवर्णीय मुलांसाठी क्रिस्पस अटक्स ही शाळा उघडली. गोऱ्या शाळांतून त्या मुलांना बाहेर काढून तिथे घातलं गेलं. या शाळेने संघटनेचं सभासदत्व मागितलं, तेव्हा उत्तर मिळालं की संघटना सार्वजनिक शाळांची आहे आणि अटक्समध्ये फक्त काळी मुलं शिकतात, म्हणून ती सार्वजनिक नाही. ज्या व्यवस्थेने त्या मुलांना वेगळं काढलं, तीच आता वेगळेपणाचा ठपका त्यांच्यावर ठेवत होती. कॅथलिक शाळाही अशाच बाहेर होत्या. 1942 पर्यंत अटक्सचा संघ जिथे कुणी खेळायला बोलावील तिथे जायचा: खेड्यातल्या लहान शाळांत, कॅथलिक शाळांत, थेट परराज्यांतही.

1942 मध्ये दार उघडलं. 1954 च्या सेमीस्टेटमध्ये मायलनने हरवलेला संघ अटक्सचाच होता, 65-52. त्या संघात ऑस्कर रॉबर्टसन नावाचा दहावीतला मुलगा होता. पुढच्या वर्षी याच अटक्सने मन्सी सेंट्रलला 71-70 असं एका गुणाने हरवलं आणि अंतिम सामन्यात गॅरी रूझवेल्ट या कृष्णवर्णीयांच्याच शाळेला 97-74 ने नमवलं. सर्वांसाठी खुली असलेली राज्य स्पर्धा जिंकणारी ती देशातली पहिली कृष्णवर्णीय शाळा ठरली. राजधानी असलेल्या इंडियानापोलिस शहराचंही ते पहिलंच राज्य अजिंक्यपद. 1956 मध्ये ते पुन्हा जिंकले, तेही हंगामभर एकही सामना न हरता.

विजेत्या संघाने अग्निशमन दलाच्या गाडीवरून शहराच्या मध्यातल्या स्मारक चौकात मिरवायचं, असा रिवाज होता. 1955 मध्ये अटक्सच्या मुलांना चौकाला फेरी मारून थेट कृष्णवर्णीय वस्तीतल्या बागेकडे नेण्यात आलं. ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून आणि व्यावसायिक बास्केटबॉलमधला थोर खेळाडू होऊनही रॉबर्टसन यांच्या मनातून तो सल गेला नाही.

मुलींना दार आणखी उशिरा उघडलं. 1972 मध्ये इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की शाळेत मुलींचा संघच नसेल, तर मुलीला मुलांच्या संघासाठी प्रयत्न करण्यापासून रोखता येणार नाही. त्याच वर्षी शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा केंद्रीय कायदा झाला. मुलींची पहिली राज्य बास्केटबॉल स्पर्धा 1976 मध्ये झाली, मुलांच्या स्पर्धेनंतर तब्बल 65 वर्षांनी.

पटसंख्येची वाटणी

दार उघडल्यावर पुढचा प्रश्न येतो. आत आलेल्यांना कुणाशी खेळवायचं?

फुटबॉलमध्ये उत्तर सोपं होतं. अमेरिकन फुटबॉल हा अंगावर आदळण्याचा खेळ. लहान शाळेकडे बदली खेळाडू नसतात, दमलेली मुलं शेवटपर्यंत धडका खातात. म्हणून 1973 मध्ये इंडियानात फुटबॉलची बाद फेरी सुरू झाली, तीच मुळी तीन वर्गांत विभागून. बास्केटबॉल मात्र पाच जणांचा खेळ. खेड्यात पाच चांगली मुलं निघू शकतात, हे मायलनने दाखवलं होतं.

तरी आकडे बदलत गेले. 1954 मध्ये स्पर्धेत 751 शाळा होत्या. 1959 च्या कायद्याने छोटे शाळा-जिल्हे एकत्र करायला सुरुवात झाली, गावोगावच्या शाळा बंद पडल्या आणि 1997 पर्यंत जवळपास निम्म्या उरल्या. मोठ्या शाळा आणखी मोठ्या झाल्या. मायलननंतर इतक्या लहान शाळेला राज्य जिंकता आलं नाही. लहान शाळांचे मुख्याध्यापक विचारू लागले: आमच्या मुलांनी एका जुन्या गोष्टीच्या आधारावर किती दिवस काढायचे?

1996 मध्ये मंडळाने पटसंख्येनुसार चार वर्ग करायचं ठरवलं आणि राज्यभर वादळ उठलं. विरोध करणाऱ्यांत सर्वांत पुढे होते स्वतः बॉबी प्लम्प. वर्गवारीने जास्त मुलांना चषक मिळतील, पण सगळ्यांना हरवल्याचा आनंद एकालाही मिळणार नाही, असं विरोधकांचं म्हणणं. 1997-98 पासून नवी पद्धत लागू झाली. चारही विजेत्यांना एकमेकांशी खेळवून एकच अजिंक्य ठरवायचा प्रयोगही झाला, पण दोन वर्षांत गुंडाळला गेला. प्रेक्षक घटले, हेही खरं. 1990 चा अंतिम सामना बघायला 41,046 माणसं जमली होती. तशी गर्दी पुन्हा झाली नाही.

पटसंख्येची मोजपट्टी पूर्ण न्याय करत नाही, हेही लवकरच कळलं. खाजगी शाळा दूरदूरची मुलं घेऊ शकते, सरकारी शाळेला आपल्या हद्दीतली मुलं. पट सारखा, बळ वेगळं. यावर इंडियानाने 2012 मध्ये तोडगा काढला: वारंवार जिंकणाऱ्या शाळेला पट लहान असला तरी वरच्या वर्गात ढकलायचं. शेजारच्या केंटकीने आजवर बास्केटबॉलमध्ये सगळ्या शाळांची एकच स्पर्धा राखली आहे. टेक्सासने दुसऱ्या टोकाला जाऊन सहा वर्ग केले. दर दोन वर्षांनी तिथे पट मोजून शाळांची नव्याने मांडणी होते, आणि अगदी लहान शाळांसाठी अकराऐवजी सहा जणांचं फुटबॉल आहे. पोरं कमी, म्हणून खेळच त्यांच्या मापाचा केला!

यातली कुठली पद्धत बरोबर? मी बराच काळ प्लम्प यांच्या बाजूने होतो. 2017 च्या एका निकालाने माझं मत हललं. त्या वर्षी 3ए या वर्गाचा अंतिम सामना 73-71 असा जिंकून पुन्हा एकदा राज्य अजिंक्यपद मिळवलं ते क्रिस्पस अटक्सने. मधल्या काळात ही कनिष्ठ माध्यमिक शाळा झाली होती, 2006 मध्ये तिथे पुन्हा हायस्कूल आलं. दोन गुणांनी जिंकलेल्या त्या मुलांना, तुमचं अजिंक्यपद पाव हिश्शाचं आहे, असं कोण सांगेल? मला तरी सांगवणार नाही.

आपल्या तालुक्याचं मैदान

महाराष्ट्रात शालेय क्रीडा स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालय घेतं, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय. आपली वर्गवारी वयाची: 14, 17 आणि 19 वर्षांखालील, मुलं आणि मुली वेगळे. पट कुणी विचारत नाही. या अर्थाने आपली कबड्डी आणि खो-खो आजही जुन्या इंडियानासारखीच आहे. वस्तीवरची शाळा आणि शहरातली हजारो मुलांची संस्था एकाच सोडतीत.

तालुक्याच्या स्पर्धेची सकाळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मांडवातलं ते टेबल आठवेल. प्रवेशिकांचा गठ्ठा, मुख्याध्यापकांचा सही-शिक्का, जन्मतारखेचे दाखले, फोटोशी चेहरा ताडून बघणारे क्रीडाशिक्षक. बाहेर टेम्पोतून उतरलेली, डबे सांभाळत झाडाखाली बसलेली मुलं. चिठ्ठ्या निघतात. कुणाला पुढे चाल मिळते. लहान शाळेचा संघ एखाद्या तगड्या संघासमोर येतो, अर्ध्या-पाऊण तासात हरतो, आणि दुपारच्या आत परतीच्या टेम्पोत बसतो. बऱ्याच शाळांचा वर्षभराचा स्पर्धेचा खेळ तेवढाच.

इंडियानाशी आपला खरा फरक इथे आहे. तिथल्या सर्वांत लहान शाळेचा संघही राज्य स्पर्धेआधी हंगामात वीसेक सामने खेळलेला असतो. कधी शेजारच्या गावाशी, कधी परगावी, घरच्या माणसांसमोर हरत-जिंकत. मग पहिल्याच फेरीत गारद झाला, तरी त्याचं वर्ष वाया जात नाही. मायलनची ती शेवटची फेक एका रात्रीत आली नव्हती. शेकडो संध्याकाळी खेळलेल्या मुलाच्या हातून ती सुटली होती.

म्हणून आपल्याकडे पटाच्या वर्गवारीची घाई करावी, असं मला वाटत नाही. आपली सोडत सर्वांना खुली आहे, ही मोठी कमाई आहे. इंडियानाला ती पूर्ण व्हायला पासष्ट वर्षं लागली. पण तालुका पातळीवर थेट बाद फेरीऐवजी आधी गट पाडावेत आणि प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळावेत, एवढं तरी व्हावं. मैदान तेच, पंच तेच, फार तर दिवस दोन वाढतील. टेम्पो संध्याकाळी परतू दे. धुळीने माखलेली, घसा बसलेली ती मुलं तीन सामन्यांबद्दल एकमेकांशी भांडत घरी जाऊ देत.