बिनगिअरची, पण बिनघोर नव्हे!

आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावात जरा रस्त्याच्या कडेला उभं राहून बघा. कुणी डब्यांच्या पिशव्या लटकवून निघालेली, कुणी अंगणवाडीची रजिस्टरं डिकीत टाकून, तर कुणी पुढे एक नि मागे एक लेकरू घेऊन शाळेकडे. सगळ्या स्कूटरवर! पण नीट पाहिलं तर यातल्या कितीतरी गाड्या सेकंडहँड असतात. नवी कोरी गाडी येते ती बहुधा घरच्या पुरुषमाणसासाठी किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलासाठी. बाईच्या वाट्याला जुनी. तरीही अनेकींच्या बाबतीत स्वतःच्या नावावर झालेली ती पहिलीच मोठी वस्तू असते. बचत गटाचं कर्ज, भिशीचे पैसे, असं पै-पै जमवून घेतलेली. म्हणूनच ती घेताना फसगत व्हायला नको.

आपण बायका गाडी बघताना काय बघतो? रंग बरा आहे ना, सीट फाटलेलं नाही ना, टायर ठीक आहे ना. विकणाराही हुशार. गाडी पॉलिश करून ठेवतो आणि वर म्हणतो, ‘‘मॅडम, लेडीज वापर आहे, डोळे झाकून घ्या.’’ एरवी बायकांच्या गाडी चालवण्याला हसणारे हेच लोक, पण विकताना मात्र ‘लेडीज वापर’ हा गुण होतो! डोळे मुळीच झाकू नका. खरा खर्च लपलेला असतो तो मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला असलेल्या त्या लांबट झाकणाच्या आत.

गिअरलेस म्हणजे गिअरची कटकटच नाही, असं आपण समजतो. तसं नाही हो. वेगाप्रमाणे जोर बदलण्याचं काम होतच असतं, फक्त ते आपल्या हाताने करावं लागत नाही. आपल्या वडिलांच्या पिढीतल्या स्कूटरला डाव्या हाताने क्लच दाबून मूठ फिरवावी लागायची. मग 1984 मध्ये पुण्याचं कायनेटिक आणि जपानची होंडा एकत्र आले आणि त्यातून कायनेटिक होंडा ही बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी स्कूटर आली. 2001 मध्ये अ‍ॅक्टिव्हा आली आणि मग तर गावोगावच्या बायकांनी मागे वळून पाहिलंच नाही. यातली युक्ती मात्र त्याहून जुनी आहे. 1958 मध्ये हॉलंडच्या डॅफ कंपनीने रबरी पट्ट्यावर चालणारी मोटारगाडी लोकांसमोर आणली होती.

ही युक्ती समजायला इंजिनीअर व्हायला नको. घरातलं शिलाई मशीन आठवा. खालचं मोठं चाक, वरचं छोटं चाक आणि दोघांना जोडणारा पट्टा. स्कूटरच्या त्या झाकणात असंच असतं. पुढे एक पुली, मागे एक पुली आणि मधे रबरी बेल्ट. फरक एवढाच, की इथल्या पुल्या दोन तिरप्या थाळ्या समोरासमोर ठेवल्यासारख्या असतात आणि त्या जवळ-दूर होऊ शकतात. पुढच्या पुलीत छोटे गोल रोलर असतात. आपण मूठ पिळली की ते बाहेरच्या बाजूला फेकले जातात, थाळ्या जवळ येतात, बेल्ट वर चढतो आणि गाडी वेग घेते. मागच्या पुलीजवळ क्लच असतो. इंजिनचा वेग वाढला की त्याचे शू पसरून एका वाटीसारख्या भांड्याला आतून घट्ट चिकटतात, तेव्हा चाक फिरायला लागतं. बेल्ट, रोलर आणि क्लच शू हे तिन्ही झिजणारे भाग आहेत. शिलाई मशीनचा पट्टा सैल झाल्यावर पायाने कितीही मारलं तरी सुई नीट चालत नाही ना? तसंच.

आमच्या गटातली एक ताई डबे पोचवते. गटाच्या कर्जातून तिने सात वर्षं वापरलेली स्कूटर घेतली. महिनाभरात अशी वेळ आली, की पुलाच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. गॅरेजवाल्याने तिच्याकडे न बघता तिच्या नवऱ्याला सांगितलं, ‘‘इंजिन गेलंय, काम काढावं लागेल.’’ खर्चाचा आकडा ऐकून ती मंगळसूत्र मोडायला निघाली होती! आम्ही म्हटलं, जरा थांब. दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. त्याने डावीकडचं झाकण उघडलं, तर बेल्टला सगळीकडे चिरा आणि कडेचे दोरे निघालेले. बेल्ट आणि रोलर बदलले, दुपारी गाडी पुन्हा डबे घेऊन पुलावर. इंजिनला काहीही झालेलं नव्हतं. बेल्ट-रोलरचं काम साधारण हजार-दोन हजारांच्या घरात होतं, इंजिन उघडलं की खर्च त्याच्या कितीतरी पट. हा फरक ओळखता आला पाहिजे.

म्हणून पैसे मोजण्याआधी दहा मिनिटं स्वतः काढा. पहिली गोष्ट, गाडी थंड असताना बघायला जा आणि ‘आधी चालू करून ठेवू नका’ असं बजावून ठेवा. गरम इंजिन पटकन सुरू होतं, खोड कळते ती थंडपणी. सुरू झाल्यावर मेन स्टँडवर ठेवून कान द्या. डाव्या झाकणातून खडखड येते आणि रेस दिली की ती कमी होते किंवा बदलते? मग रोलर एका बाजूने झिजून चपटे झालेले असू शकतात. स्टँडवर मागचं चाक हळूहळू फिरलं तर घाबरू नका, ते चालतं. पण खाली उतरवल्यावर मूठ न पिळताच गाडी पुढे ओढत असेल, तर इंजिनचा मंद वेग जास्त ठेवलाय किंवा क्लचच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्यात.

आता चालवून बघा. निघताना गाडी अंगात आल्यासारखी थरथरते? क्लचचे शू गुळगुळीत झालेत किंवा झिजलेत. इंजिनचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही? बेल्ट किंवा क्लच घसरतोय. एखादीला मागे बसवून चढावर न्या, तिथे खोटं लपत नाही. रबर जळल्याचा वास आला तर तो विसरू नका. मागच्या चाकातून सतत ‘हूं’ असा आवाज येत असेल, तर तिथल्या बेअरिंगकडे आणि गिअर ऑइलकडे बोट दाखवा. हे ऑइल इंजिन ऑइलपेक्षा वेगळं, जेमतेम चहाच्या कपभर असतं आणि बदलायचं असतं हेच पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. शेवटी गाडी बंद करून स्टँडवर मागचं चाक आडवं हलवून बघा. खुळखुळतंय का? चाकाजवळ तेलाचा ओघळ आहे का?

इंजिनची परीक्षा धुरावर. दोन मिनिटं चालू ठेवून मग रेस द्या. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, तिथे खर्च मोठा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर तुंबलेला असू शकतो. थंडीतल्या सकाळी थोडी पांढरी वाफ दिसली तर चिंता नको.

आणि हो, गाडी झिजते ती आपल्याही सवयींनी. पायाशी भरलेला सिलिंडर, मागे दोघं, वर चढ. असं ओझं रोज वाहिलं की बेल्ट नि क्लच लवकर जातात. धुताना डाव्या झाकणावर जोराचा पाइप मारू नका, आत पाणी गेलं की बेल्ट घसरतो. बेल्ट साधारण वीस-पंचवीस हजार किलोमीटरला बदलायचा असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. विकणाऱ्याला सरळ विचारा, ‘‘बेल्ट शेवटचा कधी बदलला?’’ उत्तर न देता तो गोंधळला, तर किमतीतून ते पैसे कमी करून मागा. इंजिन नि चॅसीचा नंबर आरसीशी जुळवून, गाडीवर कर्ज नाही ना ते बघून मगच व्यवहार करा आणि गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायला विसरू नका.

मैत्रिणींनो, गॅरेजमध्ये गेल्यावर मेकॅनिक नवऱ्याशी किंवा मुलाशीच बोलायला लागला, तर मधे पडा. म्हणा, ‘‘गाडी माझी आहे, मला सांगा. आधी डावं झाकण उघडून दाखवा. जुना बेल्ट, जुने रोलर माझ्या हातात द्या.’’ दोनदा असं विचारलंत, की तिसऱ्यांदा तो तुम्हालाच आधी सांगेल. आणि घरी आल्यावर एक करा. ज्या कॅलेंडरवर सिलिंडर लावल्याची तारीख लिहिता, त्याच कॅलेंडरवर बेल्ट बदलल्याची तारीख आणि किलोमीटरही लिहून ठेवा. वर्ष संपलं की ती नोंद नव्या कॅलेंडरवर उतरवायला मात्र विसरू नका!