आल्प्सच्या गळ्यात पॉपची गाणी

'हायवे टू हेल' हे 'एसी/डीसी' या ऑस्ट्रेलियन रॉक ताफ्याचे १९७९ सालचे गाणे. विजेवरच्या गिटारची खरखर, घणाचे घाव पडावेत तसा ड्रम आणि शिरा ताणून म्हटलेले शब्द अशी त्याची प्रकृती. रॉक न आवडणाऱ्यालाही ते एकदा ऐकले की विसरता येत नाही, आणि ज्याला आवडते त्याला त्या गाण्याला कुणी हात लावलेला खपत नाही. हेच गाणे बव्हेरियातल्या 'हाइमाटदामिश' नावाच्या मंडळींनी वाजवायला घेतले, तेव्हा नरकाकडे निघालेला तो बेफिकीर गडी एकदम आल्प्सच्या डोंगरातल्या खानावळीत शिरून पोल्का नाचू लागला. ऐकणारा आधी हसतो. मग त्याचा पाय ठेका धरतो. आणि तिसऱ्यांदा ऐकताना त्याच्या लक्षात येते, की ही मंडळी चेष्टा करत असली तरी वाजवण्यात मात्र कुठेही कसूर करत नाहीत.

त्यांचे नावही असेच दुधारी आहे. 'हाइमाट' म्हणजे आपले गाव, आपली माती, मायभूमी. आणि 'दामिश' हा बव्हेरियन बोलीतला शब्द खुळा, भिरभिरलेला अशा अर्थाचा. मायभूमीच्या प्रेमात खुळावलेले म्हणा, किंवा मायभूमीच्या नावाने डोके फिरलेले म्हणा. दोन्ही अर्थ लागतात. जर्मन भाषेत 'हाइमाट' हा शब्द गेल्या शतकात ज्या ज्या हातांतून गेला, ते पाहता हा श्लेष सहज केलेला नाही हे कळते.

या खेळातले हे पहिले भिडू नव्हेत. त्यांच्याआधी दहा-एक वर्षे ऑस्ट्रियात 'ग्लोबल क्रायनर' नावाचा ताफा हेच करत होता. संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेली, जॅझ कोळून प्यालेली ही माणसे जगभरची लोकप्रिय गाणी उचलत आणि ती डोंगरी थाटात बसवत. २००५ साली ऑस्ट्रियाने त्यांना युरोव्हिजन स्पर्धेसाठी थेट कीव्हला पाठवले. तिथे त्यांनी पोल्का आणि क्युबाचा ताल यांची मोट बांधून, मध्येच योडल घालून एक स्वतंत्र गाणे सादर केले. अंतिम फेरी काही त्यांना गाठता आली नाही. पण त्यांच्या नावातला 'क्रायनर' हा शब्द आपल्याला एका विलक्षण गोष्टीपाशी नेऊन सोडतो.

हा शब्द 'ओबरक्राइनर' वरून आला. क्राइन हा जुन्या हाब्सबुर्ग साम्राज्याचा एक प्रांत. त्याचा वरचा, डोंगराळ भाग म्हणजे ओबरक्राइन. आज तो स्लोव्हेनियात आहे. तिथल्या बेगुन्ये या गावी अव्सेनिक कुटुंबाची खानावळ होती. त्या घरातल्या स्लाव्को अव्सेनिकने १९५३ साली, म्हणजे त्या वेळच्या युगोस्लाव्हियात, एक लहानसा ताफा काढला. स्लाव्को स्कीच्या उड्या मारण्यात पटाईत, राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचलेला. आणि अकॉर्डियनवर हात असा, की सुरावटी आपोआप सुचत. त्याचा थोरला भाऊ विल्को (तो आपले आडनाव ओव्सेनिक असे लिही) शिकलेला संगीतकार. एकाला सुचायचे, दुसरा त्याची बांधणी करायचा. ल्युब्लियाना रेडिओवरून हे संगीत वाजू लागले, आणि बघता बघता सीमा ओलांडून ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वित्झर्लंडपर्यंत गेले.

त्यांनी शोधलेली बांधणी साधी आणि अचूक होती. पुढे ट्रंपेट आणि क्लॅरिनेट, दोघेही एकच चाल जोडीने, थोड्या अंतराने वर-खाली चालवणार. मधली पोकळी अकॉर्डियन भरणार. खाली पितळी बॅरिटोन किंवा कॉन्ट्राबास पाया धरणार. आणि गिटार त्या पायाच्या मधल्या मात्रेवर छाटल्यासारखा आघात करणार. धुम्-चक, धुम्-चक. 'धुम्' बासचा, 'चक' गिटारचा. ड्रम नाहीच, त्याचे काम हे दोघे मिळून करतात. म्हणूनच कुठलेही चार मात्रांचे पॉप गाणे या साच्यात चटकन बसते. ड्रमचे घाव बास आणि गिटारमध्ये वाटून द्यायचे, गिटारचा ठसकेबाज तुकडा ट्रंपेट-क्लॅरिनेटच्या जोडीला द्यायचा, आणि गाणाऱ्याचा सूर तेवढा रांगडेपणातून हसरेपणात आणायचा. सांगायला सोपे, पण जोडीत एक सूर जरी ढिला पडला तरी सगळी गंमत जाते आणि उरतो तो केवळ वेष.

अव्सेनिक बंधूंची 'ना गोलित्सी' ही चाल बेगुन्येच्या पलीकडे उभ्या असलेल्या गोलित्सा शिखराच्या नावाची. जर्मनभाषकांत ती 'ट्रॉम्पेटनएको' म्हणजे ट्रंपेटचा प्रतिध्वनी या नावाने गेली, आणि तिथल्या लाखो लोकांना ती आपलीच, आपल्या आजोबांच्या काळची वाटते. एक स्लोव्हेन भावांची जोडी विसाव्या शतकाच्या मध्यावर एक चाल रचते, आणि पाहता पाहता ती ऑस्ट्रियन आणि बव्हेरियन माणसाच्या लेखी 'आमची पुरातन परंपरा' होऊन बसते! खुद्द स्लोव्हेनियातले शिष्ट मात्र या धाटणीच्या संगीताला 'गुरांचे संगीत' म्हणून नाके मुरडत राहिले.

बेगुन्येची दुसरी ओळख सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, या गावच्या गढीत गेस्टापोचा तुरुंग होता. अकरा हजारांहून अधिक माणसे तिथे डांबली गेली आणि शेकडो ओलिसांना गोळ्या घातल्या गेल्या. स्लाव्को तेव्हा शाळकरी पोर होता. तुरुंग रिकामा होऊन फार वर्षे उलटली नव्हती तोच त्याच गावातून निघालेले संगीत जर्मन भाषकांच्या घराघरांत नाचण्यासाठी वाजू लागले. याला क्षमा म्हणावे, व्यवहार म्हणावा की संगीताचा स्वभाव, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सीमेपलीकडच्या ऑस्ट्रियाच्या कॅरिंथिया प्रांतात स्लोव्हेन अल्पसंख्य पिढ्यान्‌पिढ्या राहतात. १९५५ च्या राज्य-करारात त्यांना दोन्ही भाषांतल्या गावपाट्यांचे वचन दिले होते. १९७२ साली त्या पाट्या प्रत्यक्ष लागल्या, तेव्हा जमावांनी त्या उखडून फेकल्या. ही ती वर्षे, की ज्या वर्षांत अव्सेनिकांच्या तबकड्या तिकडे धडाक्याने खपत होत्या. गावच्या वेशीवर स्लोव्हेन अक्षर नको आणि खानावळीत स्लोव्हेन सूर मात्र हवा! पाट्यांचा तंटा मिटायला २०११ साल उजाडावे लागले. १६४ गावांसाठी तडजोड झाली. या पार्श्वभूमीवर ऑस्ट्रियन वादक आपल्या ताफ्याच्या नावातच 'क्रायनर' शब्द मिरवतात, तेव्हा तो नुसता विनोद राहत नाही. ज्याचे घेतले त्याचे नाव सांगून घेतले, एवढा प्रामाणिकपणा त्यात आहे.

या सगळ्या थट्टेच्या मुळाशी एक जुनी जखम आहे. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला आणि त्याच वर्षी साल्झबुर्गमध्ये ज्यूंनी डोंगरी पोशाख, म्हणजे चामड्याची तुमान, डर्न्डल वगैरे घालू नये असा पोलिसी हुकूम निघाला. लोकसंगीत 'शुद्ध रक्ताचे' ठरवले गेले. वास्तविक याच डोंगरांतली गाणी गोळा करण्यासाठी आयुष्य वेचलेल्यांपैकी एक होता कोनराड माउटनर, व्हिएन्नातल्या ज्यू वंशाच्या उद्योगपती घराण्यातला. ग्रुंडलझे तलावाकाठच्या ग्योस्ल या गावातली गाणी त्याने टिपून घेतली आणि १९१० साली मोठ्या देखण्या पुस्तकात छापली. तो १९२४ सालीच गेला. त्याच्या पत्नीला मात्र १९३८ नंतर देश सोडावा लागला. गाणी राहिली, गाणी जपणाऱ्याचे घर गेले.

युद्धानंतर या संगीताला दुसरा धनी मिळाला, तो म्हणजे बाजार. १९८१ साली दूरचित्रवाणीवर 'मुझिकांटनश्टाडल' हा कार्यक्रम सुरू झाला. सजवलेला खोटा गोठा, हसरे चेहरे, आधीच मुद्रित केलेल्या गाण्यांवर हलणारे ओठ. २०१५ पर्यंत तो चालला आणि त्याला अफाट प्रेक्षक लाभले. सुशिक्षित तरुणांची मात्र पंचाईत झाली. आजोबांचे गाणे म्हणावे तर एका बाजूला नात्झींची सावली आणि दुसऱ्या बाजूला हा साखरपाक. त्यांनी आजोबांचे गाणेच टाकून दिले आणि इंग्रजी रॉक जवळ केले.

ही कोंडी फोडणाऱ्यांत हुबर्ट फॉन गोइझर्नचे नाव मोठे. बाड गोइझर्न गावचा हा मुलगा गावच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवी. लांब केस आणि नव्या गाण्यांची आवड यांवरून बँडमास्तरांशी वाजले आणि बाहेर पडला. पुढे त्याने गावाचेच नाव आपले म्हणून घेतले. १९९२ साली त्याने आणि त्याच्या 'आल्पिनकाट्सन' ताफ्याने एक जुनी पारंपरिक चाल विजेच्या गिटारसह अशी काही सादर केली, की 'कोआ हिआटामाडल' या नावाने ते गाणे घरोघरी पोचले. गावकऱ्यांचे गाणे रॉकमध्ये नेता येते, हे त्याने दाखवले. ग्लोबल क्रायनर आणि हाइमाटदामिश यांनी उलटी वाट धरली. त्यांनी रॉक गावात आणले.

आता कोणी म्हणेल, परंपरेची ही भेसळ नव्हे काय? पण ही परंपरा शुद्ध होती तरी केव्हा? जिच्यावाचून डोंगरी गाण्याची कल्पनाही करवत नाही, त्या अकॉर्डियनचे पेटंट सिरिल डेमियन नावाच्या कारागिराने व्हिएन्ना शहरात १८२९ साली घेतले. पोल्का आला बोहेमियातून. आणि योडल? छातीच्या आवाजातून एका झटक्यात वरच्या पातळ आवाजात उडी मारण्याची ही कला डोंगरी खरी. पण ती डोंगरात थांबली नाही. तिरोलच्या त्सिलरटाल खोऱ्यातले रायनर कुटुंबीय १८३९ साली अमेरिकेत गात हिंडले. तिथल्या रंगमंचावर योडल रुजले, पुढे जिमी रॉजर्सच्या तबकड्यांत शिरले आणि त्या तबकड्या आपल्याकडे पोचल्या. भाऊ अनूपकुमार यांच्या संग्रहातल्या अशाच तबकड्या ऐकून किशोरकुमारने योडल उचलले असे सांगतात. 'अंदाज' (१९७१) मधली त्याची ती मोटारसायकलवरची तान ऐकताना कुणाला परकेपणा जाणवला? किशोरकुमार आणि स्लाव्को अव्सेनिक, दोघांचाही जन्म १९२९ सालचा. एक खांडव्याचा, एक बेगुन्येचा. दोघांच्याही गाण्यांना पारपत्र लागले नाही.

तरीही एक शंका उरतेच, आणि ती रास्त आहे. थट्टा फार सोपी असते. 'डीजे ओत्सी' या ऑस्ट्रियन गायकाने 'हे बेबी' हे साठीच्या दशकाच्या आरंभीचे अमेरिकन गाणे २००० साली स्कीच्या उतारावरच्या दारूगुत्त्यांना शोभेल असे यंत्रांच्या ठेक्यावर आणले, आणि ते २००१ साली इंग्लंडमध्येही पहिल्या क्रमांकावर पोचले. त्याचे टोपणनाव १९९१ साली हिमनदीत सापडलेल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या 'ओत्सी' या प्रेतावरून घेतलेले. बाकी आल्प्सचे त्या गाण्यात फारसे काही नाही. परंपरेचा नुसता बिल्ला लावून गल्ला भरता येतो, याचे ते उदाहरण. गावाबाहेरच्या माणसाला हे आणि ते सारखेच वाटण्याचा धोका आहे. चामड्याची तुमान घातलेली माणसे म्हणजे हसायचा विषय, एवढेच जगाने लक्षात ठेवले, तर आजोबांच्या गाण्याचे त्यात काय भले झाले?

फरक ओळखायची खूण मला एकच दिसते. ओळखीचे शब्द बाजूला ठेवून नुसते वाजवणे ऐकावे. ट्रंपेट आणि क्लॅरिनेटची जोडी एका श्वासात उतरते का? गिटारचा आघात काटेकोर पडतो का? अकॉर्डियन पुढे घुसत नाही ना? ज्याने या गोष्टी आत्मसात करायला वर्षे घातली, तो त्या संगीताची टिंगल करू शकत नाही. त्याच्या थट्टेतही आदरच असतो. मूळ गाणे विसरूनही ते वाजवणे ऐकावेसे वाटले, तर समजावे की परंपरेला नवे बळ मिळाले. नुसते मूळ गाणे ओळखल्याचेच हसू आले, तर तो विनोद दुसऱ्यांदा ऐकताना शिळा होतो.

स्लाव्को २०१५ साली गेला, विल्को २०१७ साली. बेगुन्येला त्यांच्या घराची खानावळ आहे, त्यांच्या संगीताचे संग्रहालय आहे, आणि थोड्याच अंतरावर त्या जुन्या तुरुंगाचेही स्मारक-संग्रहालय आहे. पाहायला येणाऱ्याने दोन्ही पाहावीत. एका ठिकाणी मातीच्या आणि रक्ताच्या नावाने माणसांचे काय होते ते कळते; दुसऱ्या ठिकाणी, त्याच मातीतली चाल कुणालाही उचलू दिली तर ती कुठवर जाते ते कळते.