अमरांचे वय मोजण्याची रीत

अमर आणि मर्त्य असे दोन वंश एकाच भूमीवर नांदवायचे ठरवले की लेखकाला दोन गोष्टींचा निर्णय करावा लागतो: दोघांचा काळ एकच मानायचा की वेगळा, आणि एकच मानला तर अमरांच्या देहावर त्याचा परिणाम कोणत्या गतीने दाखवायचा. बहुतेक अद्भुतकथा हजार वर्षांच्या पात्राला पंचविशीतला चेहरा देऊन हा प्रश्न टाळतात, जे. आर. आर. टोल्किन यांनी मात्र ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कादंबरीच्या परिशिष्टांत त्यासाठी चक्क पंचांग मांडले.

या कादंबरीतील एल्फ हा वंश जरा-व्याधींपासून मुक्त आहे, पण शस्त्राघाताने किंवा शोकाने त्याला मरण येऊ शकते. सहा आणि बारा या संख्यांनी मोजण्याकडे एल्फांचा कल असल्यामुळे त्यांचे दीर्घवर्ष, ज्याला ‘येन’ म्हणतात, १४४ सौरवर्षांचे म्हणजे ५२,५९६ दिवसांचे आहे, आणि त्यात सहा दिवसांचे ८,७६६ आठवडे बाकी न उरता बसतात. त्यांच्या सौरवर्षातही ऋतू सहाच, मात्र ते आपल्या ऋतूंसारखे समान नाहीत: चार ५४ दिवसांचे, दोन ७२ दिवसांचे, आणि ३६० दिवसांच्या या बेरजेला पाच जादा दिवसांची जोड.

एल्फ मूल वर्षाच्या आत बोलू लागते, पण त्याचा देह पूर्ण वाढायला पन्नास, क्वचित शंभर वर्षे लागतात, असे टोल्किन यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनात सांगितले आहे. वीस वर्षांच्या मर्त्य अ‍ॅरागॉर्नला त्याची भावी पत्नी, एल्फांमधली आर्वेन, प्रथम भेटते तेव्हा ती २,७१० वर्षांची असते. येनच्या हिशेबाने तिची अठरा दीर्घवर्षे सरून एकोणिसावे चालू असते, आणि त्याच्या विशीशी होणारी ही जुळणी योजलेली असो वा योगायोगाची, ती लक्षवेधी आहे.

पुराणांनी दुसरा मार्ग धरला. माणसांचे एक वर्ष हे देवांचे एक अहोरात्र, आणि ३६० मानवी वर्षांचे एक दिव्य वर्ष, या गणितात लोक बदलला की काळाचे मापच बदलते. म्हणूनच कन्या रेवतीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी गेलेला राजा ककुद्मी गंधर्वगान संपेपर्यंत थांबतो, तेवढ्यात भागवताच्या कथेनुसार पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटतात. टोल्किन यांनीही लॉथ्लोरिएन या एल्फांच्या वनात काळ थांबतो असे दाखवण्याचा विचार कच्च्या खर्ड्यांत केला होता, पण छापील कादंबरीत कथेतील प्रवाशांना तिथे खरोखरच महिनाभर लागतो. वनाबाहेर पडल्यावर चंद्राची कोर पाहून त्यांच्यातला सॅम गोंधळतो, तेव्हा काळ कुठेच थबकत नाही, बदलाची गती मात्र सर्वत्र सारखी नसते, असा खुलासा त्यांचा एल्फ सोबती लेगोलास करतो. हा निर्णय कथेच्या हिताचा ठरला, कारण दोघांचा काळ एकच असल्याशिवाय एकाचे म्हातारे होणे दुसऱ्याला वर्षानुवर्षे पाहावे लागत नाही. अ‍ॅरागॉर्न २१० वर्षांचा होऊन मरतो तोवरची सगळी वर्षे आर्वेनच्याही वाट्याला येतात.

पुढे टोल्किन यांनी वाढीचे वर्ष वेगळे आणि १४४ सौरवर्षांचे आयुष्यवर्ष वेगळे कल्पून एल्फांच्या पिढ्या व जन्म यांचे लांबलचक हिशेब केले. ‘द नेचर ऑफ मिडल-अर्थ’ (२०२१) या संग्रहात ती टिपणे आली आहेत, आणि त्यांतील प्रमाणे पुन्हापुन्हा बदललेली दिसतात.